आठ महिने एक्स्टर्नल फ्लॅश वापरल्यावर

फ्लॅश मारला की चेहरे पिठात बुडवल्यासारखे येतात, ही माझी जुनी तक्रार. कॅमेऱ्यातच बसवलेल्या, वर उघडणाऱ्या फ्लॅशने ती पक्की केली होती. त्याची काच अंगठ्याच्या नखाएवढी, प्रकाश थेट समोरून, आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळी जुळी बहीण. म्हणून घरातली आरती फ्लॅशशिवाय, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 6400 वर चढवून काढायची आणि फोटोत येणारे दाणे सहन करायचे, असं चाललं होतं. शेवटी कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा, टीटीएलवाला (लेन्समधून येणारा प्रकाश मोजून जोर आपोआप ठरवणारा), चार पेन्सिल सेलचा फ्लॅश घेतला. डब्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशचा जोर सांगणारा आकडा, 60 लिहिलेला. हा आकडा फ्लॅशचा झूम 200 मिमीवर, म्हणजे झोत अगदी अरुंद असतानाचा असतो, त्याला भुलू नका.

पहिला महिना वाया गेला. मी वर पांढरी प्लास्टिकची टोपी घालून फ्लॅश समोरच रोखत होतो. टोपीतून प्रकाश चहूकडे जातो आणि भिंतींवरून परत येतो म्हणून खोलीत थोडा मऊ वाटतो. अंगणात परत यायला भिंतच नाही. तिथे टोपी फक्त सेल खाते.

खरा फरक पडला तो फ्लॅशचं डोकं वळवल्यावर. सरळ वर मारलं तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या येतात. तेच डोकं वर, डावीकडे आणि जरा मागे वळवलं, की भिंत आणि छताचा तो अख्खा कोपराच दिवा होतो. मोठ्या उगमाचा प्रकाश मऊ, आणि एका बाजूने येणारा. आईचा एक फोटो आहे, वाती वळतानाचा. उजव्या गालावर सावली हळूहळू उतरत गेलीय, नथीचा प्रत्येक मोती वेगळा गोल दिसतोय आणि दोन्ही डोळ्यांत एकेक उजळ ठिपका आहे. चष्म्यावर चकाकी नाही. हा फोटो बघून बायकोने फ्लॅशची किंमत विचारणं थांबवलं.

अर्थात छतावर जाऊन येताना दोन-तीन स्टॉप प्रकाश उडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). घरात मी आता कॅमेरा मॅन्युअलवर टाकून आयएसओ 800, लेन्सचं छिद्र एफ 4, शटर 1/125 सेकंद ठेवतो आणि फ्लॅशचा जोर टीटीएलवर सोडतो. पैठणीची जर किंवा पांढरा सदरा फ्रेममध्ये जास्त आला तर टीटीएल गडबडतं, फोटो काळवंडतो. तेव्हा फ्लॅश कॉम्पेन्सेशन +1, म्हणजे फ्लॅशचा जोर एक स्टॉप वाढवायचा.

आता फजिती. भाचीचं बारसं होतं. भिंतींना ताजा लिंबू रंग. मी नेहमीसारखा फ्लॅश भिंतीवर मारला. संध्याकाळी फोटो बघताना मावशी म्हणाली, "अगं, कावीळ उतरली नाही का अजून बाळाची?" सगळे गप्प. भिंतीवरून येणारा प्रकाश भिंतीचाच रंग घेऊन येतो, हे तोवर फक्त वाचलेलं होतं. बरं, व्हाइट बॅलन्सने (फोटोच्या रंगांचा तोल बदलून) बाळ गोरं करावं, तर खिडकीकडची माणसं निळी पडतात. बाळाला पाळण्यात घालताना मेहुण्याला पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून उभं केलं होतं, त्यावर मारलेले पाच-सहा फोटो तेवढे नीट आले.

सेलबद्दल. साध्या अल्कलाइन सेलवर जोराचे दहा-पंधरा झाले की चार्ज व्हायला वेळ लागतो, अन् नेमका हार घालण्याचा क्षण निघून जातो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचे असले तरी करंट भराभर देतात. चार-चारचे दोन संच घ्या आणि संच मिसळू नका. सहाव्या महिन्यात माझ्या फ्लॅशच्या सेलच्या झाकणाची कडी तुटली. दुरुस्तीवाल्याने तीन आठवडे ठेवून "पार्ट येत नाही" म्हणत परत दिला, तेव्हापासून काळी इन्शुलेशन टेप. दिसायला भिकार, काम चोख.

मंगल कार्यालयात मात्र डोकं वळवून काही होत नाही. वीस फुटांवर पत्रा, नाहीतर काळं छत. तिथे मी फ्लॅश लांबून, बिनतारी उडवणारा रेडिओ ट्रिगर कॅमेऱ्यावर लावतो, फ्लॅश प्रकाश पसरवणाऱ्या छोट्या छत्रीसकट भाच्याच्या हातात देतो आणि त्याला नवरा-नवरीच्या डावीकडे, जरा उंचावर धरायला सांगतो. छत्री जितकी जवळ तितकी सावली मऊ. भाचा दर वेळी जेवणाच्या पंगतीपर्यंतच टिकतो, म्हणून पुढच्या महिन्यात स्टँड घेतोय.