बल्कांवातल्या हवेत पाच शाया, सहा कागद

फ्रेंच पॅडवर सुरेख दिसणारी शाई शाळेच्या वहीत फुटते, हे फाउंटन पेन वापरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. गोव्यात त्याच्या जोडीला आणखी एक भानगड असते. तोच पॅड जुलैत बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या बैठकीच्या ओसरीत, ठेवून लिहिलं, की शाई सुकायचं नाव घेत नाही. कागद तपासण्याचं जागतिक मानक, आयएसओ १८७, तेवीस अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरतं. आपल्याकडे मृग लागल्यापासून चवथीपर्यंत हवेत ८५-९० टक्के ओल सहज असते. म्हणून इथे प्रत्येक शाई प्रत्येक कागदावर दोनदा तपासली आहे: एकदा ५५ टक्क्यांच्या एसी खोलीत आणि एकदा ९० च्या आसपास असलेल्या बल्कांवात. कागद आदल्या दिवसापासून त्याच हवेत सुटे पसरून ठेवले होते. गठ्ठ्यातून काढून लगेच लिहिलं तर मधल्या पानांत अजून कोरडेपणा असतो आणि निकाल खोटा येतो.

स्वस्त हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं दिसेल इतकंच पाणी घालायचं आणि हायग्रोमीटरसकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी काट्याने ७५ दाखवायला हवेत. ७० दाखवले तर पुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

शाया पाच घेतल्या: कॅम्लिन रॉयल ब्लू, पार्कर क्विंक काळी, पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, पायलट इरोशिझुकूची कोन-पेकी आणि प्लॅटिनम कार्बन ब्लॅक. पहिल्या दोन कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतही मिळू शकतात, बाकीच्या बहुधा मागवाव्या लागतात. निवड रंगापेक्षा जातीवरून केली आहे. पहिली धुतली जाणारी, पाण्यात विरघळणाऱ्या साध्या रंगाची, दुसरी दोन-तीन रंग मिसळून काळी केलेली, तिसरी लोहाची, चौथी सळसळून वाहणारी आणि पाचवी काजळीच्या बारीक कणांची.

कागद सहा: ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कॉपियर, शाळेची दुरेघी वही, कोर्टकचेरीच्या कामाचा हिरवट लेजर कागद, वर्तमानपत्राचा कागद, ऱ्होडियाचा ८० जीएसएमचा फ्रेंच पॅड आणि ५२ जीएसएमचा जपानी तोमोए रिव्हर. वहीवर जीएसएम छापलेलं नसेल तर ते घरच्या काट्यावर कळतं. ए-फोर आकाराची १६ पानं मिळून बरोबर एक चौरस मीटर होतं, म्हणजे १६ पानांचं वजन ग्रॅममध्ये जितकं, तितकं जीएसएम. वहीची पानं लहान असतील तर आधी क्षेत्रफळ काढून हिशोब करावा लागेल. जीएसएम मात्र फक्त वजन सांगतं. शाई थोपवायचं काम करते ती खळ. पोथ्यांच्या काळी कागदाला खळ देऊन अकीकाच्या घोट्याने घोटत असत. आजच्या कारखान्यात तेच काम लगद्यात मिसळलेली द्रव्यं, वरून दिलेला स्टार्च आणि रुळांचा दाब करतात. ५२ जीएसएमचा तोमोए रिव्हर शाई अडवतो आणि ७५ चा कॉपियर पिऊन टाकतो, तो ह्याच फरकामुळे.

पेन एकच ठेवलं, स्टीलच्या मीडियम निबचं, कन्व्हर्टरवालं (दौतीतून शाई ओढून घेणारी नळी असलेलं). पाच शायांना पाच पेनं वापरली तर तुलना शायांची राहत नाही, निबांची होते. दोन शायांच्या मधली धुलाई हीच ह्या कामातली खरी कटकट. पेलाभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून पाच-सहा वेळा ओढून सोडायचं, मग साध्या पाण्याने स्वच्छ होईपर्यंत, आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. विहिरीचं पाणी शेवटाला नको, त्यातले क्षार जिभेच्या (निबखालच्या, शाई आणून देणाऱ्या भागाच्या) चिरांत बसतात. त्यानंतर निब खाली करून टिश्यूच्या घडीवर पेन उभं ठेवायचं. एसीत एक रात्र पुरते. बाहेरच्या हवेत मात्र दोन दिवसांनीही जिभेत पाणी उरतं आणि नव्या शाईचं पहिलं पान फिकट उमटतं. ‘ही शाई फारच पांचट आहे’ असे शेरे बऱ्याचदा ह्या उरलेल्या पाण्यावरून मारलेले असतात. भरल्यानंतर अर्धं पान रद्दीत लिहून मगच मोजमाप सुरू करावं.

नमुन्याला इंग्रजी वाक्य घेऊन उपयोग नाही. देवनागरीचा त्रास वेगळा आहे. शिरोरेषा ओल्या अक्षरांवरून जाते, त्यामुळे प्रत्येक दंडाच्या माथ्यावर शाई दुप्पट पडते. अनुस्वारावर निब क्षणभर टेकून राहते, म्हणून पानावरचा सगळ्यात मोठा डाग तिथेच फुलतो. आणि भ-म, ध-घ ह्या जोड्या एका बारीक गाठीवर किंवा फटीवर जगतात. ‘श्रद्धा, घंटा, धंदा, भामटा, क्षुब्ध’ एवढे पाच शब्द पुरतात. वर्तमानपत्राच्या कागदावर कोन-पेकीने ‘धंदा’ आणि ‘घंटा’ लिहून भिंगातून पाहिलं तर पहिल्या अक्षराची फट बुजलेली दिसते. ध कुठला आणि घ कुठला, हे शब्द पाठ असल्यामुळेच कळतं. शब्दकोडं पेनाने सोडवणाऱ्यांनी एक तर कार्बन ब्लॅक वापरावी किंवा सरळ पेन्सिल घ्यावी.

वाळण्याची चाचणी बोटाने घेऊ नये, पावसाळ्यात बोटाला घाम असतो. एका रेघेवर पाच-पाच सेकंदांनी कोरडा इअरबड आडवा ओढत जायचा. पाण्याच्या चाचणीसाठी ड्रॉपरने एक थेंब टाकून मिनिटभर थांबायचं आणि टीपकागदाने उचलायचं, पुसायचं नाही. ही चाचणी एकदा तासाभराने आणि एकदा दोन दिवसांनी घ्यावी, कारण लोहाच्या शाईला वेळ लागतो.

आता निकाल. कॉपियरवर दोन्ही हवांत वाळण्यात फारसा फरक पडला नाही, दहा सेकंदांच्या आत सगळं कोरडं. तिथे शाई आत शोषली जाऊनच वाळते, हवेवर फारसं अवलंबून नसतं. पण बल्कांवातल्या कॉपियरवर अक्षरं जास्त फुटली. तंतूंनी आधीच पाणी धरलेलं असलं की खळीचा जोर कमी पडतो आणि शाई तंतूंच्या वाटेने धावते. कडा केसाळ होतात, मागच्या बाजूला ठिपके उमटतात. कॉपियरच्या दोन बाजूही सारख्या नसतात. वेष्टनावर बाण असतो, तो कोणत्या बाजूवर आधी छापावं हे सांगतो. त्याच बाजूवर पेनानेही लिहून पाहावं, पुष्कळदा कडा थोड्या स्वच्छ येतात.

ऱ्होडिया आणि तोमोए रिव्हर ह्यांचं गणित उलटं. तिथे शाई वर बसून राहते आणि बरंचसं पाणी हवेत उडून जावं लागतं. हवाच भरलेली असेल तर जाणार कुठे? एसी खोलीत कोन-पेकी ऱ्होडियावर अर्ध्या मिनिटाच्या आत कोरडी झाली, बल्कांवात मिनिटभराच्या आसपास लागलं. तोमोए रिव्हरवर त्याहून जास्त, आणि ठळक फराट्यांच्या कडेला येणारी तांबूस झाक तर दुसऱ्या दिवशीही बोटाला रंग देत होती. पान उलटायची घाई असणाऱ्याने पावसाळ्यात हे कागद टीपकागदाशिवाय वापरू नयेत. तोमोए रिव्हर आता सान्झेन ही कंपनी बनवते. जुन्या कागदाची वर्णनं वाचून नवा कागद मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ह्याच दोन कागदांवर आणखी एक दोष दिसतो आणि त्याचं खापर हमखास निबवर फोडलं जातं. पानाच्या वरच्या भागात पेन छान चालतं, तळाशी आल्यावर रेघ तुटायला लागते. कारण तळहात. लिहिताना हाताची कड खालच्या कोऱ्या जागेवर घासत येते, तिथे घाम आणि तेल लागतं आणि मग त्या जागी शाई धरत नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद हाताखाली सरकवत नेला की दोष गायब. निबच्या फटी रुंद करायला निघालेल्यांनी आधी हे करून पाहावं, वाकडी केलेली निब परत सरळ होणं कठीण.

शाळेच्या वहीबद्दल थोडक्यात: एकाच कंपनीच्या दोन खेपांतही कागद सारखा नसतो. आमच्या वहीत कार्बन ब्लॅक सोडून बाकी सगळ्या शाया कमी-जास्त फुटल्या. गंमत वेगळीच आहे. आपण अक्षरं छापील रेघेला टांगतो, म्हणजे शिरोरेषा नेमकी त्या रेघेवर येते. ती रेघ छपाईच्या शाईची असते, पेनाची शाई तिच्यावर नीट धरत नाही. अक्षराचं अंग फुटलेलं आणि डोकं तुटलेलं, असा प्रकार. रेघेच्या केसभर खाली लिहिलं की सुधारतं.

सहा कागदांत आम्हाला सगळ्यात आवडला तो लेजर, ज्याचं कौतुक कुणी करत नाही. थोडा खरखरीत आहे, हिरवट रंगावर निळ्या शाईचा तजेला मरतो, पण खळ भरपूर. बल्कांवातही कडा स्वच्छ राहिल्या आणि वाळायला वीसेक सेकंद पुरले. मामलेदार कचेरीत द्यायचा अर्ज हाताने लिहायचा असेल तर ह्याच्यावर लिहावा. सुटे कागद मिळतात, रिमच घ्यावं लागत नाही, ही आणखी सोय.

शायांकडे वळायचं तर कॅम्लिनची रॉयल ब्लू पैशाच्या मानाने नीट वागते. पेन तुंबत नाही, कपड्यावरचा डाग बऱ्यापैकी निघतो. १९३१ साली शाईच्या पुड्या-वड्यांपासून सुरू झालेल्या घराण्याची ही शाई, तेव्हा मराठी वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. रॉयल ब्लू जातीच्या कुठल्याही शाईला पाणी आणि ऊन दोन्ही सोसत नाही, एवढं लक्षात ठेवून ती वापरावी. रोजच्या टिपणांना चालेल, पाकिटावरच्या पत्त्याला नको.

क्विंक काळी लिहिताना काळी असते आणि पाण्याचा थेंब पडला की आपलं मिश्रण उघडं करते. टीपकागदाच्या पट्टीवर ठिपका देऊन पट्टीचं टोक पाण्यात बुडवलं, की काळ्यातून वेगवेगळे रंग वर चढताना दिसतात. शाळेतला क्रोमॅटोग्राफीचा प्रयोग तो हाच. लेजरवर ती चांगली, कॉपियरवर कडेला निळसर छटा देते.

पेलिकनची ब्लू-ब्लॅक ह्या पाचांत सर्वांत कोरडी वाहते आणि ओल्या हवेत तोच तिचा गुण ठरतो. निबमधून शाई कमी आली की फुटायला उरतं काय? कॉपियरवर ‘ध’ची फट शाबूत राहिली. ही लोहाची शाई आहे, म्हणजे हिराकस आणि मायफळाच्या जुन्या कृतीची सौम्य नातेवाईक. लिहिताना निळी दिसते आणि हवेतल्या प्राणवायूने दोन-तीन दिवसांत काळवंडते. तासाभराने थेंब टाकला तेव्हा बराच रंग गेला. दोन दिवसांनी टाकला तेव्हा निळा भाग धुतला गेला, पण करडी रेघ वाचण्याजोगी उरली. जुन्या कृतीची शाई कागद खात असे, पोर्तुगीज काळातले दस्तऐवज ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ती जळकी किनार परिचयाची असेल. आजची पेनातली शाई तेवढी उग्र नाही. तरी आम्ल असतेच, म्हणून स्टीलच्या निबमध्ये ती महिनोन्‌महिने ठेवू नये. दुसऱ्या शाईत मिसळू तर मुळीच नये, गाळ बसतो. आणि ती धुताना आधी नुसतं पाणी, साबण नंतर.

कोन-पेकीचा रंग बघत राहावा असा आहे. पण ती सढळ वाहते, त्यामुळे पावसाळ्यात फाइन निब आणि चांगली खळ असलेला कागद, दोन्ही लागतात. पाण्याच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नये. किंमत हजाराच्या वर जाते. पूर्ण बाटली घेण्याआधी दोन मिलीचा नमुना मिळाला तर पाहावा, तेवढ्यात कन्व्हर्टर दोन-तीनदा भरतो.

कार्बन ब्लॅक सगळ्या कागदांवर जिंकली. कण तंतूंच्या वाटेने फार धावत नाहीत, वर अडकून बसतात. वर्तमानपत्रावरही ‘भामटा’ भामटाच राहिला, आणि वाळल्यावर पाण्याने हलली नाही. किंमत मोजावी लागते ती देखभालीची. पेन रोज वापरात हवं, टोपण घट्ट हवं आणि पंधरा-वीस दिवसांनी पूर्ण धुलाई. टोपण उघडं राहिलं तर जिभेत सुकलेली काजळी साध्या पाण्याने निघत नाही. पारदर्शक पेनात ही शाई भरूच नये.

दौतीत पेन बुडवून भरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. आमच्या एका दौतीत (नाव देत नाही, दोष साठवणीचा होता) ऑगस्टमध्ये पातळ साय आली आणि तळाला धागे दिसले. ही बुरशी. पेनात उरलेली शाई परत दौतीत ओतली की ती यायचा धोका वाढतो. अशी शाई गाळून वापरू नये, टाकून द्यावी, आणि त्या शाईने भरलेलं पेन निब-जीभ सुटी करून धुवावं. नवी दौत आली की दहा मिली शाई सिरिंजने छोट्या स्वच्छ बाटलीत काढून घ्यावी आणि पेन तिच्यातूनच भरावं. मूळ दौत कपाटात, अंधारात. कागदाचे पॅड सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. रंग बदलणारे दाणे घेतले तर भरलेले कधी ते कळतं. मग कढईत मंद आचेवर फिरवून घेतले की परत कामाला येतात, कढई मात्र स्वयंपाकाची नको.