अलायनर पूर्ण केल्यानंतर: शेवटच्या काही महिन्यांबद्दल

वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, खाली दातांची दाटी आणि डावीकडचा सुळा फिरलेला, अशी माझी केस होती. दीड वर्षाहून जास्त काळ अलायनर (दात सरळ करणारे, एकामागून एक बदलायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे) वापरून उपचार पूर्ण केले, आता दात परत सरकू नयेत म्हणून रात्री रिटेनर लावते. अलायनर घ्यावेत की तारा लावाव्यात यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मला लिहायचं आहे ते शेवटच्या काही महिन्यांबद्दल. माझ्या ओळखीतले जे मध्येच थांबले, ते सगळे त्याच टप्प्यावर थांबले, आणि नेमकं तिथेच थांबू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

सुरुवातीचं थोडक्यात सांगते. दिवसाला २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा, म्हणजे जेवण, चहा आणि ब्रश यांना मिळून जेमतेम दोन ते चार तास उरतात. मी सकाळचा चहा नाश्त्याबरोबर आणि दुपारचा जेवणानंतर लगेच घ्यायला लागले. ट्रे घालून चहा पिऊ नये, गरम पाण्याने ट्रे धुऊ नये (प्लास्टिक वाकडं होतं), आणि लग्नाच्या पंगतीत ट्रे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये, डबी सोबत ठेवावी. नव्या ट्रेचे पहिले दोन दिवस दात ठणकतात. एक ट्रे एखाद्या दाताला साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो, त्यामुळे दुखणं सोसण्यासारखं असतं.

आता मुद्द्याचं. पुढचे दात तुलनेने लवकर सरळ दिसायला लागतात. घरचे कौतुक करतात, फोटो छान येतात, आणि डब्यात अजून ट्रेची बरीच पाकिटं शिल्लक असतात. माझी मावसबहीण इथेच थांबली. "ताई, आरशात तर मस्त दिसतात, मग उरलेले कशाला घालू?" हा तिचा प्रश्न होता. नोकरीमुळे तिची बंगळूरला बदली झाली होती, दवाखाना पुण्यात राहिला होता, त्यामुळे तिची अडचण मला समजते.

पण आरशात दिसतात ते पुढचे सहा-आठ दात. बाकीचं दिसतं ते डॉक्टरांच्या निळ्या कागदावर. माझा पहिला संच संपला तेव्हा डॉक्टरांनी दाढांच्या मधे कार्बनसारखा पातळ निळा कागद धरला आणि "दात टेकवा, आता घासा" असं सांगितलं. मग छोटा आरसा हातात दिला. पुढच्या दातांवर ठळक निळे ठिपके, उजव्या दाढांवर फिकट खुणा, आणि डावीकडच्या मागच्या दाढांवर काहीच नाही. म्हणजे चावताना सगळा भार पुढच्या दातांवर येत होता आणि त्या दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या. भाकरी डाव्या बाजूने चावताना बारीक होत नाही असं मला काही दिवसांपासून जाणवत होतंच, त्याचं कारण तेव्हा कळलं.

हे का होतं, तेही डॉक्टरांनी समजावलं. वर-खाली मिळून प्लास्टिकचे दोन थर दिवसभर दाढांच्या मधे असतात, त्यामुळे दाढा किंचित दाबल्या जातात. शिवाय संगणकावर ठरवलेली हालचाल दातात जशीच्या तशी उतरत नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिक्सच्या (दात सरळ करण्याच्या शास्त्राच्या) नियतकालिकात २००९ साली एका मोठ्या ब्रँडच्या अलायनरवर अभ्यास आला होता. त्यात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाल्याचं आढळलं. २०२० च्या पुढच्या अभ्यासात तो आकडा ५० टक्क्यांवर आला. फिरलेला सुळा जागेवर आणणं तर त्यातही अवघड. म्हणून पुन्हा स्कॅन करून सुधारणेचे नवीन ट्रे बनवतात, त्याला रिफाइनमेंट म्हणतात. कंपनीने ट्रे वाढवून बिल फुगवलं असं पुष्कळांना वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: रिफाइनमेंट हा उपचाराचाच भाग आहे. माझ्या वर-खालच्या दाढा नीट टेकायला लागल्या त्या त्याच ट्रेमध्ये. सुळ्याचा ट्रे नीट बसत नव्हता, टोकाशी हवेची बारीक फट दिसायची. रबराची छोटी नळी रोज काही मिनिटं त्या जागी चावून ती फट हळूहळू बुजली.

अर्ध्यावर सोडण्यात आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दाटी असेल तर दातांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांनी घासून जागा करतात. ती जागा पुढच्या ट्रेमध्ये भरून निघायची असते. मध्येच थांबलं तर फट तशीच राहते आणि जेवताना तिच्यात अन्न अडकतं. मावसबहिणीला मेथीची भाजी खाल्ली की दर वेळी फ्लॉस घेऊन बसावं लागतं. ट्रेची पकड बसावी म्हणून दातांवर चिकटवलेले दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे, म्हणजे अटॅचमेंट, तिच्या दातांवर अजून आहेत. त्यांच्या कडेला कीटण साचतं आणि हळदीने पिवळी रेघ दिसते. उपचार थांबवायचेच असतील तरी निदान ते उंचवटे काढून घ्यावेत आणि आहे त्या स्थितीचा रिटेनर बनवून घ्यावा, एवढं मी तिला पटवलं. ती पुढच्या महिन्यात दाखवायला येतेय.

रिटेनरबद्दल तर जीव तोडून सांगावंसं वाटतं. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो, बारीक तंतूंनी धरून ठेवलेला असतो. दात सरकला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं, हे काही महिन्यांत होतं. हिरडीतले लवचिक तंतू मात्र नव्या जागेशी जुळायला वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतात, आणि तोवर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. फिरवलेल्या दाताच्या बाबतीत ही ओढ सर्वांत जास्त. माझ्या खालच्या दातांना आतून बारीक तार चिकटवली आहे आणि वर काढता येणारा रिटेनर आहे. सुरुवातीला दिवसरात्र लावला, आता रात्री. प्रवासात एक-दोन रात्री राहून गेल्या तर पुढच्या रात्री तो घट्ट लागतो. दात किती लवकर हलतात हे त्यावरून कळतं.

शेवटी पैशांचं आणि डॉक्टर निवडण्याचं. घरी किट मागवून ठसा द्यायचा आणि ट्रे कुरिअरने यायचे, हा प्रकार मी निवडला नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली तेव्हा असंख्य लोकांचे उपचार अर्ध्यावर लटकले, आणि दात तपासायला समोर डॉक्टर नव्हता. निळा कागद दाढांत धरायला माणूसच लागतो. डॉक्टर एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी), तेही ऑर्थोडॉन्टिक्समधले आहेत का, ते आधी विचारा. मग पैसे भरण्यापूर्वी हे लिहून घ्या: सांगितलेल्या रकमेत रिफाइनमेंटचे ट्रे किती वेळा धरले आहेत, अटॅचमेंट काढण्याचे आणि रिटेनरचे पैसे वेगळे आहेत का, रिटेनर तुटला तर नवा कितीला पडेल, आणि बदली झाली तर स्कॅनची फाइल व उपचाराचा आराखडा दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतील का. मला रिटेनरचे पैसे वेगळे भरावे लागले, पण ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेलं होतं.