टायरमध्ये नायट्रोजन: घ्यावा की नको?

हायवेच्या कडेच्या एका टायरवाल्याकडे चारही टायरात नायट्रोजन भरून घेतला. पोरगा कामाला चांगला होता, आधी व्हॉल्व्हची पिन काढून जुनी हवा पूर्ण सोडली, थोडा गॅस भरून परत सोडला आणि मगच प्रेशर ३३ पीएसआय सेट केलं, नाहीतर बरेच जण आहे त्या हवेवरच वरून भरतात आणि पैसे मात्र पूर्ण घेतात. व्हॉल्व्हवर हिरव्या टोप्या लावून दिल्या, त्या फुकट 😄

पण मालक सांगत होता की याने टायर गरमच होत नाही, हे काही पटलं नाही. साध्या हवेतपण ७८ टक्के नायट्रोजनच असतो ना भाऊ. फायदा एवढाच की हा गॅस कोरडा असतो, कॉम्प्रेसरच्या हवेसारखी वाफ, पाणी आत जात नाही त्यामुळे रिमला गंज कमी आणि प्रेशर जरा हळू उतरतं. विमानाच्या टायरात हाच भरतात, तिथे आगीचा धोका असतो म्हणून. रोजच्या ऑफिसच्या गाडीला साधी हवा महिन्यातून दोनदा चेक केली तरी चालतंय. सर्व्हिसला ४ स्टार, मालकाच्या भाषणाला २.