राउंड बेटावरचा साप आणि आमच्या तालुक्यातील सर्पप्रदर्शन

नाग, मण्यार, घोणस यांची ओळख करून देणारी प्रदर्शने नागपंचमीच्या सुमारास गावोगाव लागतात. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सर्पमित्रांनी एका जुन्या गोदामात मांडलेले प्रदर्शन, त्यातील नामशेष सापाच्या दालनासाठी आवर्जून पाहावे असे आहे. जिवंत साप एकही ठेवलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

बोलिएरिया मल्टोकॅरिनाटा हा सुमारे मीटरभर लांबीचा, बिनविषारी आणि मातीत घुसून राहणारा साप मॉरिशसच्या उत्तरेकडील राउंड या चिमुकल्या ज्वालामुखीय बेटावर राहत असे. एकोणिसाव्या शतकात तेथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी ताडवर्गीय झाडांची कोवळी रोपे वर येऊच दिली नाहीत; मुळांची पकड सुटली आणि पावसासरशी माती समुद्रात वाहून जाऊन जागोजागी नुसता खडक उरला. १९७५ नंतर हा साप कोणालाही दिसलेला नाही. शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये हटवले गेले, पण त्याच्यासाठी फार उशीर झाला होता.

हे समजावण्यासाठी दोन काचेच्या पेट्या ठेवल्या आहेत. एकीत भुसभुशीत माती आणि पालापाचोळा असून लाकडी साप त्यात निम्मा गडप झालेला आहे. दुसरीत तोच साप कातळावर उघडा पडला आहे. शेजारच्या फलकापेक्षा या पेट्या अधिक सांगतात.

त्या फलकाचा मथळा मात्र ‘माणसाने मारलेला साप’ असा आहे, आणि तो बदलावा असे मला कळकळीने वाटते. मथळा वाचून डोळ्यांसमोर काठी येते, आणि काठी न उचलताही साप संपतो ही खरी गोष्ट मागे पडते. आपल्याकडे धुऱ्यांवरची, म्हणजे शेताच्या बांधांवरची, झुडपे काढून धुरेही वखराखाली घेतले जात असताना, मऊ मातीत राहणाऱ्या मांडुळाविषयी येथे एक फलक हवाच होता. राउंड बेटावरचाच दुसरा साप, कॅसेरिया, तगला आणि २०१२ मध्ये गनर्स कॉइन या शेजारच्या बेटावर पुन्हा सोडला गेला, ही माहितीही एका ओळीत आटोपली आहे.

माहिती देणारे सर्पमित्र शांतपणे, वऱ्हाडीत बोलतात आणि मुलांच्या प्रश्नांना कंटाळत नाहीत. गोदामाला पत्रे असल्याने दुपारी फार उकडते, म्हणून शाळांनी मुलांना सकाळीच न्यावे.