2000 मिमीचा झूम, आठ महिने आणि उजनीत पडलेलं झाकण

माझी पाठ दुखरी आहे, हे आधीच सांगते. खरेदीचं खरं कारण तेच. उजनी धरणाकाठी भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला लोक 150-600 मिमीची लेन्स घेऊन येतात. नुसती लेन्सच दोन किलोच्या घरात, त्यावर बॉडी, खाली ट्रायपॉड. मी दिवाळीत 83 पट झूमचा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स बदलता न येणारा, घेतला. 24 ते 2000 मिमी आणि सगळं मिळून एक किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या बहुतेक तक्रारी या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना लागू पडतात. तेव्हापासून उजनी तीनदा, नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर दोनदा, ठाण्याची खाडी आणि पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य एकेकदा झालं.

दुकानात चंद्राचे फोटो दाखवतात. त्यावरचे खड्डे मोजता येतात आणि आपण तिथेच पैसे काढतो. पण चंद्र एका जागी बसतो, आणि त्याच्या-आपल्यामध्ये उजनीचं पाणी नसतं.

डिसेंबरात कुंभारगावहून होडीत बसले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. लांबवर पट्टकादंबांचा (रानटी हंसांचा एक प्रकार) थवा. पूर्ण झूम लावून दोनशेच्या आसपास फोटो काढले. घरी संगणकावर पाहिले तर तापल्या तव्यावरच्या वाफेतून काढल्यासारखे. लेन्सच खराब निघाली म्हणून मी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत. दुसऱ्या खेपेला होडीवाल्या दादांना ते फोटो दाखवले. ते हसले. "ताई, हवा उकळायला लागली की कुणाचाच कॅमेरा चालत नाही. सूर्याबरोबर या." हा माणूस मासेमारी करत पक्षी ओळखायला शिकलेला. सात वाजता, जवळपास तितक्याच अंतरावरून, पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे वेगवेगळे दिसले. पाण्यावरची हवा तापली की तिचे थर हलत राहतात, आणि झूम पक्ष्याबरोबर ती हालचालही मोठी करून दाखवतो. आता नऊ-साडेनऊनंतर कॅमेरा पिशवीत आणि मी चिलापीच्या ताटावर.

उडता पक्षी मात्र विसरा. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावरून बसलेले पाणपक्षी छान मिळाले: शेकाटे, थापटे आणि ते असंख्य वारकरी. (काळा अंगरखा, कपाळी पांढरा टिळा, हे नाव ज्याला सुचलं त्याला नमस्कार.) तेवढ्यात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी वेताच्या टोकांवरून तरंगत आला आणि अख्खं पाणी फडफडून उठलं. कॅमेऱ्याने एका दमात दहा फ्रेम घेतल्या आणि मग कार्डावर लिहीत बसला. भोवत्या पलीकडे गेला तरी याचं लिहिणं चालूच. त्या दहांतल्या सातांत वेताचं पान सुरेख फोकसमध्ये आहे.

कर्नाळ्यात दुसरी गंमत. सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, पूर्ण झूमला अॅपर्चर 6.5 वर येऊन थांबतं म्हणजे प्रकाश कमीच आत येतो, आणि झाडीखाली सकाळी आठलाही संध्याकाळ असते. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर चांगली दोन मिनिटं समोर होता. फोटोत शेपटीची लांबी तेवढी बरोबर आली आहे. बाकी सगळा रवा, नुसते दाणेच दाणे.

मग आठ महिने ठेवला कशाला? याचं उत्तर ठाण्याच्या खाडीत मिळालं. तिथले रोहित (फ्लेमिंगो) बहुतेक छोटे, पण मधेमधे मोठेही असतात. चोच गुलाबी आणि टोक काळं असेल तर मोठा, चोच सगळीच गडद असेल तर छोटा. दुर्बिणीतून हलत्या बोटीत हे ठरवताना आमच्या गटात नेहमी वाद होतो. इथे फोटो मोठा करून पाहिला आणि वाद मिटला. पुढे चिखलात टिलवा नावाच्या एका चिमुकल्या पाणपक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली. तिच्यावरची अक्षरं डोळ्यांनी काय, दुर्बिणीनेही वाचता येईनात. फोटोत आली. पक्ष्यांना अशा पट्ट्या लावणाऱ्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेला कळवून टाकली. माझ्या हिशेबी तिथेच पैसे वसूल झाले. भिंतीवर लावण्याजोगे फोटो आठ महिन्यांत चारच मिळाले. ओळख पटवणारे मात्र शेकड्यांनी.

वापरातून जमलेल्या गोष्टी सांगते. शटर 1/500 सेकंदाच्या खाली जाऊ देत नाही, आयएसओला (तो वाढला की रवा वाढतो) 800 ची वेसण. बगळा असेल तर एक्स्पोजर थोडं उणे, नाहीतर पिसं जळतात. पक्षी आधी कमी झूमवर शोधायचा, मग जवळ आणायचा. थेट 2000 वर शोधलात तर नुसतं आभाळ दिसेल. बॅटरी तीनशे फोटोंच्या आत दम तोडते, दोन जादा लागतातच. होडीत मोनोपॉड निरुपयोगी. मी जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यात मका भरून शिवला, तो काठावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकते. हसणाऱ्यांनी नंतर माप मागितलं.

एक तक्रार कॅमेऱ्याची नाही. उजनीच्या मागच्या खेपेला शेजारच्या होडीतल्या एकाने नावाड्याला पन्नास जादा देऊ केले. रोहित उठवायला, पंखांतला लाल रंग हवा होता म्हणून. आमचे दादा काही न बोलता होडी लांब घेऊन गेले. मी बसलेल्यांचेच फोटो काढले. चिखलात मान खाली घालून, चोच उलटी धरून खाणारा रोहित इतक्या लांबून टिपता येतो, त्याला पत्ताही लागत नाही. याच गडबडीत लेन्सचं झाकण उजनीत गेलं. दोरी आधीच तुटली होती. हल्ली श्रीखंडाच्या डब्याचं झाकण रबर लावून बसवते, अगदी फिट बसतं.

जंगलातले, सावलीतले किंवा उडते पक्षी हवे असतील तर हा घेऊ नका. पाणथळ जागा, पहाटेची वेळ आणि दुखरी पाठ असेल तर जरूर घ्या. पावसाचं एक शिंतोडंही याला सोसत नाही, त्यामुळे आता ऑक्टोबरपर्यंत तो सिलिकाच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. पुढच्या रविवारी कर्नाळ्याला तिबोटी खंड्या बघायला चाललेय. दुर्बीण आणि छत्री, बस.