‘डीडीआर३च्या सगळ्या बोर्डांवर चालते’ म्हणून गळ्यात मारलेली रॅम

संताप अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. माझा डेस्कटॉप इंटेलचा. एच६१ मदरबोर्ड, डीडीआर३ प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट, जास्तीत जास्त १६ जीबी. ४ जीबीवर रखडत चालायचा, म्हणून एका वेबसाइटवरच्या विक्रेत्याकडून रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक मागवल्या. इतरांपेक्षा निम्म्या किमतीत, पूर्ण पैसे आगाऊ.

बसवल्या तर स्क्रीन काळी, नुसते बीप. जुनी स्टिक लावली की मशीन चालू! स्लॉट बदलले, पिना खोडरबरने घासल्या, काही उपयोग नाही.

या स्टिक फक्त एएमडीच्या (इंटेलची स्पर्धक कंपनी) काही जुन्या बोर्डांवर चालतात. त्यांच्यावर ४ बिटवाल्या, म्हणजे एका वेळी चारच बिट देणाऱ्या, चिप असतात. इंटेलच्या साध्या डेस्कटॉपला ८ किंवा १६ बिटवाल्याच लागतात. खाच तीच, पिना २४०च, चिपही १६च. नुसतं बघून कुणाला कळणार?

आणि मी आधी विचारलं होतं! ‘इंटेलच्या एच६१वर चालेल ना?’ उत्तर आलं, ‘डीडीआर३ आहे सर, डीडीआर३च्या सगळ्या बोर्डांवर चालते.’ एच६१चं नावच घेतलं नाही त्याने. पाल चुकचुकायची ती तिथेच. फोटोही एकाच बाजूचा, लेबलची खालची ओळ कापलेली. त्याच ओळीत बारीक अक्षरांत ‘ओन्ली फॉर एएमडी’ छापलंय, हे स्टिक हातात आल्यावर दिसलं. पण लेखी होकार मिळाल्यावर गिऱ्हाइकाने आणखी काय करायचं? चिपचे डेटाशीट वाचत बसायचं?

विक्रेत्याकडून बोर्डाचं मॉडेल नाव घालून लिहून घ्या. ‘सगळीकडे चालते’ हे उत्तरच नव्हे.

वेबसाइटच्या तक्रार विभागाने कहर केला. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे आहे’, तक्रार बंद. चॅटचे स्क्रीनशॉट पाठवले, तर ‘बोर्डाला चालेल की नाही हे पाहणं ग्राहकाची जबाबदारी’. पुन्हा फोन केला की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. पोलीस म्हणाले, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ अहो, खोटं सांगून निरुपयोगी माल विकला, ही फसवणूक नाही तर काय? सगळ्यांनी हात झटकले आणि विक्रेत्याने मला ब्लॉक केलं.

‘हाय डेन्सिटी’ (बहुधा याच ४ बिटवाल्या चिप) असं लिहिलेलं दिसलं तर इंटेलवाल्यांनी तिकडे फिरकूही नका. लेबल पूर्ण वाचता येईल असे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. स्टिक चालली तरी परतीची मुदत संपायच्या आत मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून बघाच. त्या माणसाची जाहिरात अजून तशीच झळकतेय, ‘सर्व बोर्डांसाठी’, आणि फोटो तोच, खालून कापलेला.