लाइन लीडर निवडायला घेतलेली व्यक्तिमत्त्व चाचणी: पाचपैकी दोन तारे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी एचआर बघते. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि पोटापाण्यासाठी इकडे वळले, त्यामुळे चाचण्यांचं मला वावडं नाही. या वर्षी ऑपरेटरमधूनच लाइन लीडर निवडायचे होते. मालकांना कुणीतरी सांगितलं की हल्ली सगळे सायकोमेट्रिक करून घेतात, आणि एक ऑनलाइन पॅकेज आमच्या गळ्यात पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी पॅकेजं विकणारे पुष्कळ आहेत आणि माझी तक्रार त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. मोबाइलवर चालतं, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही आहे, नेट गेलं तर जिथे थांबलो तिथून पुढे सुरू होतं. अर्ध्या तासात माणूस मोकळा आणि रिपोर्ट लगेच मेलवर. रिपोर्ट तर इतका देखणा की मालकांनी प्रिंट काढून केबिनमध्ये ठेवला. दोन तारे त्याचेच.

आता आमची माणसं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली मुलं आहेत, घरी कोकणा किंवा वारली बोलणारी. निफाड-दिंडोरीची, घरी द्राक्षबाग असलेली आहेत. बिहार-यूपीचे आहेत. आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडकडची डिप्लोमावाली. चाचणी सगळ्यांना एकच.

पहिल्या विधानांतलंच एक: ‘पार्टीत अनोळखी लोकांशी मी सहज गप्पा मारतो.’ पेठचा एक ऑपरेटर मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला. ‘मॅडम, पार्टी म्हणजे निवडणुकीची का?’ हसू आलं, पण त्याचं काय चुकलं? पुढचं विधान: ‘मोठ्यांचा निर्णय पटला नाही तर मी तोंडावर तसं सांगतो.’ याने ‘असहमत’ दाबलं. का रे, विचारलं, तर म्हणाला, ‘मोठा भाऊ बसलेला असताना मी कशाला बोलू? नंतर त्याला एकट्याला गाठून सांगतो ना.’ हाच मुलगा फर्स्ट शिफ्टला मशीन थोडं जरी वेगळं वाजलं तरी लाइन थांबवतो आणि सेटरला बोलावून आणतो. ते विचारणारं विधान चाचणीत कुठेच नव्हतं. रिपोर्टमध्ये ठामपणा 14 पर्सेंटाइल, खाली लाल पट्टी, ‘नेतृत्वासाठी शिफारस नाही’.

उलट डिप्लोमावाल्या मुलांनी कॉलेजात प्लेसमेंटच्या वेळी अशा चाचण्या पाच-सहा वेळा दिलेल्या असतात. कुठल्या विधानाला काय म्हणायचं हे त्यांना पाठ असतं. त्यांचे आलेख हिरवेगार. आणि आमचे काही जुने हेल्पर! ऑफिसातून आलेला कागद म्हणजे ‘हो’ म्हणायचं, एवढंच त्यांना माहीत. ‘मला पटकन राग येतो’ला हो, ‘मला कधीच राग येत नाही’लाही हो. बऱ्या प्रश्नावलीत अशा आंधळ्या होकाराला पकडायची सोय असते. इथे त्या होकारातूनही एक गुळगुळीत व्यक्तिमत्त्व तयार होऊन रिपोर्टमध्ये उतरलं.

मी कंपनीच्या प्रतिनिधीला फोनवर एकच विचारलं. 14 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या चौदांपेक्षा पुढे. पण ते शंभर कोण? उत्तर आलं, ‘पॅन इंडिया डेटा आहे मॅडम.’ त्यात कारखान्यातले कामगार किती? आदिवासी भागातले किती? ग्रॅज्युएट किती? चाचणी कुणावर, कशी तयार केली ते सांगणारं मॅन्युअल पाठवा म्हटलं, तर ब्रोशर आलं.

हा प्रश्न मी उगाच नाक वर करून विचारत नव्हते. जगभर वापरली जाणारी एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी 1943 मध्ये आली, तेव्हा तिचा ‘नॉर्मल’ माणूस ठरवायला घेतलेला गट म्हणजे मुख्यतः मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेली माणसं. जवळजवळ सगळी गोरी, त्यातली बरीचशी खेड्यातली. त्यांच्या मापाने कित्येक दशकं बाकीच्यांना मोजलं गेलं. नवा, जास्त मिश्र गट घेऊन सुधारित आवृत्ती निघाली ती 1989 मध्ये. पॅकेजवाले ज्या ‘बिग फाइव्ह’चं, म्हणजे माणसाचा स्वभाव पाच गुणांत मोजण्याच्या पद्धतीचं, नाव घेतात, तिची प्रश्नावली बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना त्यांच्या भाषेत देऊन पाहिली होती. शेती, शिकार, मासेमारीवर जगणारे लोक. 2013 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पाच गुण वेगवेगळे निघालेच नाहीत. जे थोडंफार जमून आलं त्यात दोन गोष्टी दिसल्या: माणसांशी नीट वागणं आणि कष्टाळूपणा. सुरगाण्याची माणसं त्सिमाने नाहीत, हे मलाही कळतं. पण पाच खाने सगळ्या जगाला बसतात हे गृहीत धरून विकायला निघालात तर कुणीतरी विचारणारच.

शॉप फ्लोअरवाल्यांसाठी आणखी एक. पन्नासेक देशांतल्या लोकांची बिग फाइव्ह चाचणी घेतलेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये आला. त्यात कामातला काटेकोरपणा, शिस्त या गुणात जपान पार तळाच्या देशांत. ज्यांच्याकडून आपण नीटनेटकेपणाचं फाइव्ह-एस आणि सतत सुधारणेचं कायझेन शिकलो आणि भिंतीवर तक्ते लावले, ते जपानी! याचं एक पटणारं कारण असं दिलं जातं, की माणूस स्वतःला आसपासच्यांशी ताडून पाहतो. जिथे सगळेच काटेकोर, तिथे ‘मी फार व्यवस्थित आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग नाशिकच्या डिप्लोमावाल्याचा ‘पूर्ण सहमत’ आणि पेठच्या मुलाचा ‘थोडा सहमत’ एकाच पट्टीवर ठेवून काय कळणार?

यावर आमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, ‘ताई, मग आदिवासी पोरांसाठी वेगळे नॉर्म लावायला सांगा ना.’ नॉर्म म्हणजे ज्या गटाशी ताडून आकडा काढतात त्याचं माप. सोपं वाटतं. पण मग त्याच उत्तरांना दोन मुलांना दोन वेगळे आकडे मिळणार, आणि खालच्या आकड्याचा मुलगा मला जाब विचारणार. अमेरिकेत नोकरीच्या चाचण्यांत वंशानुसार गुण फिरवायला 1991 च्या नागरी हक्क कायद्याने बंदीच घातली. शिवाय नॉर्म बदलून पार्टीचं विधान थोडंच बदलतं? खरं काम आधीचं असतं: दोन गटांतली, त्या गुणात सारखीच असलेली माणसं एखाद्या विधानाला वेगळं उत्तर देतात का ते तपासायचं, आणि देत असतील तर ते विधान काढून टाकायचं. वेळखाऊ काम आहे, पण अशी मेहनत आपल्याकडे पूर्वी झालेली आहे. धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी परदेशी बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ती इथल्या मुलांवर प्रत्यक्ष घेऊन. ती गोष्ट 1930 च्या दशकातली. आज सर्व्हर आहेत, हजारोंचा डेटा आहे, आणि कंपनीकडे एक ब्रोशर आहे.

घ्यावं की घेऊ नये? ऑफिस स्टाफचं ट्रेनिंग असेल, गप्पांना विषय हवा असेल, तर घ्या. ज्या आकड्यावर कुणाचा पगार किंवा बढती ठरणार, त्यासाठी अजिबात नको. आधी मॅन्युअल मागा, त्यात तुलनागटाचं पान आहे का बघा. प्रतिनिधी गोड बोलून विषय बदलायला लागला, की फोन ठेवा.

आम्ही लाइन लीडर शेवटी लाइनवरच निवडले. प्रत्येकाला काही दिवस लाइन सांभाळायला दिली, रिजेक्शन (खराब निघालेला माल) पाहिलं, आणि हाताखाली काम केलेल्यांना एकेकटं बोलावून विचारलं. यालाही पूर्वग्रह चिकटतात. सुपरवायझरच्या गावचा मुलगा जरा बरा दिसतोच. म्हणून विचारायला मी बसले, सुपरवायझर नाही. लाल पट्टीवाला तो पेठचा मुलगा आता सेकंड शिफ्टची एक लाइन बघतो. मालकांना अजून धाकधूक आहे, मला नाही.

पॅकेजमधल्या बऱ्याच चाचण्या न वापरता पडून आहेत. पैसे परत मिळत नाहीत, हे करारात बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. सही करण्याआधी तेवढं वाचा.